शून्य मैलाचा दगड

नागपुरांत विधानभवनाच्या जवळ वालुकाश्माचा एक स्तंभ उभा आहे. त्यावर ना देवाची मूर्ति, ना राजाची. शेजारचे चार घोडे मागाहून आलेले. मूळचा तेवढा हा मुका दगड. मेट्रोच्या स्थानकास आतां त्याच्याच नांवावरून ‘झीरो माइल फ्रीडम पार्क’ असें नांव मिळालें आहे.

हा दगड म्हणजे हिंदुस्थानचा मध्यबिंदु, येथूनच इंग्रजांनीं साऱ्या देशाचीं अंतरें मोजलीं, असें मीं तीस वर्षें मुलांना शिकविलें. ऐकलें तें सांगितलें. पडताळून पाहिलें नाहीं. एकदा सहलींत एका मुलानें स्तंभावरील नांवें मोठ्यानें वाचलीं : हैद्राबाद ३१८ मैल, जबलपूर १७०, छिंदवाडा ८३, शिवनी ७९. मग त्यानें विचारलें, “गुरुजी, ह्यांत दिल्ली, मुंबई, कलकत्ता कां नाहीं?” मीं त्यास गप्प बसविलें.

प्रश्न अगदीं रास्त होता. नागपूर १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी. १९०३ सालीं वऱ्हाड त्यास जोडला गेला. स्तंभावरचीं बहुतेक गांवें ह्या राजधानीच्या भोंवतालचीं आहेत, देशाच्या चार टोंकांचीं नव्हेत. शिवाय ही खूण १९०७ सालची, आणि ब्रह्मदेश तर १९३७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच अंमलाखालीं होता. तो धरून नकाशावर मध्य शोधूं लागलें, तर बोट नागपूरवर कसें थांबावें? १९५६ सालीं राजधानीपण गेल्यावर मध्यबिंदूचा मान आम्हां नागपूरकरांस अधिकच प्रिय झाला असावा, असा आपला माझा तर्क.

मग येथें मोजलें काय? मोजली ती उंची. किनाऱ्यावरील नऊ बंदरांत भरती-ओहोटीच्या नोंदी वर्षानुवर्षें घेऊन समुद्राची सरासरी पातळी ठरविली गेली. तेथून आंत येतांना दोन बाजूंस खुणांच्या पट्ट्या उभ्या करावयाच्या, मध्यें सपाटी साधलेली दुर्बीण लावावयाची, दोहोंवरील आंकड्यांतील फरक टिपून घ्यावयाचा आणि पुढें सरकावयाचें. १८५८ सालीं आरंभिलेल्या ह्या कामाचा मेळ १९०९ सालीं बसविण्यांत आला. नागपूरच्या ह्या खुणेची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे. फुटाचा हजारावा भाग! समुद्र येथून शेंकडों मैल दूर, आणि वाटेंत नद्या, घाट, काळी चिकण माती. त्या पट्ट्या उन्हांत धरून उभ्या राहिलेल्या माणसांचीं नांवें मात्र दगडावर नाहींत.

क्षितिजसमांतर मोजणी ह्याहून निराळी व जुनी. ती विल्यम लॅम्बटन ह्यानें १८०२ सालच्या १० एप्रिलला मद्रासेस सुरू केली. साखळीनें साडेसात मैलांची पायारेषा आंखावयाची, मग त्रिकोणास त्रिकोण जोडीत उत्तरेकडे यावयाचें, हा त्याचा क्रम. वीस वर्षांनंतर तो हैद्राबादेहून नागपुरास निघाला. नागपूर कांहीं मजलांवर राहिलें असतां, २० जानेवारी १८२३ रोजीं, हिंगणघाटास त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेंच आहे. हिंगणघाट म्हणजे आमच्या दाराशींच. पण मीहि साठी उलटल्यावर प्रथम गेलों.