हिमनदीच्या मुखाशी साचलेला गाळ : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

1794 च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हँकूव्हर याच्या ब्रिटिश मोहिमेने अलास्काच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण केले. आज ग्लेशियर बे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपसागराच्या तोंडाशीच तिच्या नौकांना बर्फाची भिंत आडवी आली. 1879 मध्ये जॉन म्यूर तेथे पोहोचला तेव्हा हा बर्फ 50 किलोमीटरहून अधिक मागे सरला होता. याच मोहिमेने प्रिन्स विल्यम साउंडमध्ये पाहिलेली कोलंबिया हिमनदी मात्र 1980 च्या सुमारापर्यंत जवळजवळ जागच्या जागी राहिली. एकाच किनाऱ्यावर असे का घडावे? लिखित साधने येथे अपुरी पडतात; उत्तर समुद्रतळावरील गाळात शोधावे लागते.

समुद्राला भिडणाऱ्या हिमनदीच्या तळातून वितळलेल्या पाण्याचे प्रवाह बाहेर पडतात. गोडे पाणी हलके असल्याने वर उसळते. गोटे व जाड वाळू मुखापाशीच पडतात. बारीक कण पृष्ठभागावरून पुढे जातात आणि खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. भरती-ओहोटीच्या लयीनुसार वाळूचे व चिखलाचे पातळ थर आलटून पालटून साचतात. त्यात मध्येच एखादा धोंडा आढळतो. तो वितळत्या हिमनगातून गळालेला असतो. ग्लेशियर बेच्या म्यूर फाट्यात हिमनदीच्या मुखाजवळ हे निक्षेपण वर्षाला मीटरांत मोजावे लागले. महासागराच्या खोल तळावर एवढा थर साचण्यास लक्षावधी वर्षे लागू शकतात!

हिमनदी एका जागी दीर्घकाळ स्थिर राहिल्यास या गाळाचा बांध तयार होतो. त्यामुळे मुखाशी पाणी उथळ होते, बर्फ तुटण्याचे प्रमाण घटते आणि हिमनदी स्वतःच्याच गाळाच्या आधाराने टिकून राहते. बांधावरून ती मागे सरली की खोल पाण्यात सापडते आणि मग माघार झपाट्याने होते. कोलंबियाच्या बाबतीत हे घडणार, असे ऑस्टिन पोस्ट यांनी 1970 च्या दशकातच मांडले होते. पुढील काही दशकांत ती सुमारे 20 किलोमीटर मागे गेली. 24 मार्च 1989 रोजी एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज तिच्याच हिमखंडांना टाळण्यासाठी नेहमीचा मार्ग सोडून गेले आणि ब्लाय रीफवर आदळले.

हिमनदीच्या माघारीच्या तारखेवरून तापमानवाढीची तारीख थेट ठरविण्याची पद्धत म्हणूनच प्रस्तुत लेखकास सदोष वाटते. तापमानवाढ नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु माघार केव्हा सुरू व्हावी, हे बांधही ठरवितो. कोलंबियाचा जुना बांध अद्याप उपसागराच्या तोंडाशी पाण्याखाली आहे. मोठे हिमनग त्यावर अडतात.