मोटारगाडीच्या एंजिनातील बिघाडाची पूर्वचिन्हे

मोटारगाडीचे एंजिन निकामी होण्यापूर्वी आवाज, उष्णता, धूर, वास, तेलाचा वाढता खप व कमी होत जाणारी ओढ यांवाटे जी लक्षणे प्रकट होतात, त्यांना बिघाडाची पूर्वचिन्हे म्हणतात. ती ओळखण्याचे काम प्रथम चालकाच्या कानाकडे होते. तेथून ते तबकडीवरील काट्याकडे, नंतर दिव्याकडे व अखेर संगणकाकडे गेले. या क्रमात मापन अचूक होत गेले. परंतु चालकाला मिळणारी सूचना दर वेळी अधिक लवकर मिळू लागली, असे मात्र नाही.

या चिन्हांचे मोल परभणी जिल्ह्यातील सेलूच्या परिसरासारख्या मुलखात विशेष जाणवते. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. संस्थानच्या रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये २७ गाड्या व १६६ कर्मचारी यांनिशी प्रवासी मोटारसेवा सुरू केली. तिच्यापैकी मराठवाड्यातील सेवा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई राज्याकडे आली आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात समाविष्ट झाली. येथील काळी जमीन पावसाळ्यात चिखल होते व उन्हाळ्यात तिची बारीक धूळ उडते. हवा गाळणाऱ्या जाळीतून निसटलेली धूळ सिलिंडराच्या भिंती व दट्ट्याच्या कड्या घासून झिजविते. चिखलातून खालच्या गियरमध्ये रखडणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला पुरेसा वारा मिळत नाही. मे महिन्यात हवेचे तापमान ४२° से.च्या वर जाते. शिवाय बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. असे पाणी वारंवार भरल्यास रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो व गाडी विनाकारण तापते, असे वाटू लागते. पुढची कार्यशाळा कित्येक मैल दूर असताना चालकाला स्वतःच्या इंद्रियांवरच विसंबावे लागे.

या ज्ञानाला मिस्त्रीवर्गाने स्वतःची परिभाषा दिली आहे. ‘तेल खाते’, ‘मिसिंग करते’, ‘पिकअप नाही’, ‘धूर टाकते’ हे शब्दप्रयोग वरवर ढोबळ वाटले, तरी प्रत्येकामागे निश्चित निदान असते. निळसर धूर हा वंगणतेल ज्वलनकक्षात शिरल्याचा, म्हणजे कड्या किंवा झडपांचे मार्गदर्शक झिजल्याचा पुरावा होय. काळा धूर इंधनाचे प्रमाण जास्त किंवा हवेचे कमी असल्याचे दर्शवितो. एंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला व रेडिएटरमधील पाणी घटत गेले, तर पाणी सिलिंडरात झिरपत असल्याची शंका घ्यावी. अशा वेळी तेलाची पट्टी काढून पाहतात. तिच्यावरील तेल दुधाळ दिसल्यास सिलिंडर-शीर्षाखालील गास्केट गेल्याचा संभव असतो. झडपांची टकटक हलकी व जलद असते; मुख्य बेअरिंग झिजल्याचा ठोका खोल असून भार पडताच वाढतो. लांब पेचकसाचे टोक एंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरण्याची मिस्त्रींची रीत वैद्याच्या श्रवणनलिकेहून तत्त्वतः वेगळी नाही.

उपकरणांपैकी आरंभीचे व गाजलेले उपकरण म्हणजे अमेरिकेत १९१२ च्या सुमारास प्रचारात आलेला बॉइस यांचा तापमापक. तो रेडिएटरच्या झाकणावरच बसविलेला असे व चालकाला आसनावरून दिसे. पुढे तापमापक व तेलाचा दाबमापक चालकासमोरील फळीवर आले. काट्याचा मोठा गुण हा की, तो बदलाचा वेग दाखवितो : तापलेल्या एंजिनातील तेलाचा दाब नेहमीपेक्षा हळूहळू उतरत असेल, तर बेअरिंगे झिजत असल्याचे काही महिने आधी कळते. मात्र काटाही फसवितो. तापमानाचा संवेदक पाण्यात बुडालेला असेल तरच योग्य माप मिळते. पाणी गळून संवेदक उघडा पडला की, एंजिन भाजत असतानाही काटा खाली राहू शकतो.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हडसन गाड्यांवर काट्यांऐवजी सूचक दिवे आले व स्वस्त असल्याने त्यांचा सर्वत्र प्रसार झाला. तेलाचा लाल दिवा सामान्यतः दाब दर चौ. सेंमी.ला सुमारे अर्धा किग्रॅ. किंवा त्याहूनही कमी झाल्यावर पेटतो. तोवर बेअरिंगांची हानी सुरू झालेली असू शकते. म्हणून या दिव्याला पूर्वचिन्ह म्हणणे फारसे योग्य नाही; तो पेटताच गाडी थांबवून एंजिन बंद करावे लागते.

पेट्रोल-एंजिनातील खणखणाटाचा इतिहास वेगळ्याच वळणाने गेला. सिलिंडरातील शेवटचा न जळलेला मिश्रणाचा भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच स्वतः पेट घेतो व दाबलहरी उठतात, हे ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो यांच्या व इतरांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. १९२१ मध्ये टॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड हे संयुग मिसळल्यास हा आवाज थांबतो, असे आढळले. आवाज थांबला, पण शिसे धुरावाटे हवेत पसरले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २००० मध्ये बंद झाली. जगातील मोटारींसाठीचा त्याचा वापर संपण्यास २०२१ उजाडले. आता एंजिनाच्या ठोकळ्यावरील संवेदक हा खणखणाट टिपतो व संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यामुळे चालकाला तो बहुधा ऐकूच येत नाही.

पिवळ्या एंजिन-दिव्याचा उगम मालकाच्या सोयीत नसून प्रदूषणाच्या कायद्यात आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून आत्मनिदान-यंत्रणा सक्तीची केली. अमेरिकेत १९९६ पासून तिचे दुसरे, प्रमाणित रूप आले. भारतात भारत स्टेज-४ मानकांबरोबर २०१० पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. हा दिवा स्थिर असल्यास तपासणी लवकर करावी. लुकलुकत असल्यास गंभीर मिसिंग होत असून न जळलेले इंधन निष्कासनळीतील उत्प्रेरक-परिवर्तक जाळू शकते, असे समजावे. जोडणीयंत्र लावून दोषाचा संकेतांक वाचता येतो. पण तो संकेतांक कारण सांगतोच असे नाही. मिसिंग ठिणगी-प्लगामुळे आहे, कॉइलमुळे, हवेच्या गळतीमुळे की जळलेल्या झडपेमुळे, हे ठरविण्यासाठी एंजिन चालू ठेवून ऐकावे लागते आणि प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजून पाहावा लागतो.