धुराडे काढायचे अंदाजपत्रक

गेल्या मे महिन्यात आंबोली घाट चढून कोगनोळीला मावशीकडे गेलो होतो. निपाणीहून कोल्हापूरकडे निघाले की महामार्गावर, महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेले हे कर्नाटकातले गाव. जेवणे आटोपल्यावर मावसभावाने विषय काढला. स्वयंपाकघरातले जुने धुराडे काढून टाकायचे होते. चूल बंद होऊन वर्षे झाली, गॅस आला, फ्रीज ठेवायला जागा नाही, आणि पावसाळ्यात धुराडे जिथे छपरातून बाहेर पडते नेमके तिथेच गळते. "तू सरकारी कारकून, अंदाजपत्रकं तुझ्या हाताखालनं जातात. एवढं करून दे," म्हणाला.

मी कागद-पेन्सिल घेतली. पण मोजमाप घेता घेता मावशी जे बोलत गेली, त्याने हिशेबाआधी मला इतिहासातच शिरावे लागले.

मावशी लग्न होऊन या घरात आली ती 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास. तेव्हा स्वयंपाकघरात धुराडे नव्हते. धूर जायचा तो छपरातल्या सवण्यातून, उरलेला कौलांच्या फटींतून. आपल्या गोव्यातल्या जुन्या रांदणीच्या कुडीत तरी वेगळे काय होते? काळ्या भिंती, काळे वासे आणि डोळे पुसत फुंकणी फुंकणारी आई. गंमत अशी, की याच घराच्या शेतातल्या गुऱ्हाळाला मात्र धुराडे होते! चुलवाणाला ओढ चांगली नसेल तर चिपाड नीट जळत नाही, काहिलीतला रस वेळेवर आटत नाही आणि गूळ बिघडतो. धुराडे जितके उंच, तितकी गरम हवा जोराने वर जाते, आणि तितकाच ताजा वारा खालून आत ओढला जातो. हे ज्ञान घरातल्या पुरुषांना पक्के ठाऊक होते. ते शेतातून स्वयंपाकघरापर्यंत यायला मात्र मावशीची दहा-बारा वर्षे गेली. गुळासाठी धुराडे आधी, बाईच्या डोळ्यांसाठी नंतर!

हे फक्त आपल्याकडेच झाले असे नव्हे. इंग्लंडमध्ये विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्र्याने 1577 साली आपल्या देशाचे वर्णन लिहिले. त्यात तो सांगतो, की गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या हयातीत झालेला मोठा बदल वाटे तो घराघरांवर उगवलेल्या धुराड्यांचा. पूर्वी लोक असेही मानीत, की धुराने घराचे लाकूड पक्के होते आणि माणसाची प्रकृती सुधारते. लाकडाचे काही अंशी खरे आहे. धुराने वाशांवर काजळी धरते, छप्पर कोरडे राहते, कीड कमी लागते. आपल्याकडेही बियाण्याची कणसे चुलीवरच टांगत. पण प्रकृतीचे म्हणाल तर ते चुलीपुढे न बसणाऱ्यांनीच ठरवले असावे.

आपल्या देशात या प्रश्नाकडे लक्ष गेले ते विसाव्या शतकात. हैदराबादच्या एस. पी. राजू या अभियंत्याने मातीची, धुराड्याची, एकाच आगीवर अनेक भांडी चढवता येणारी चूल तयार केली आणि 1953 साली त्यावर पुस्तिकाच काढली. पुढे 1983 मध्ये केंद्र सरकारची सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना आली. 2002 मध्ये ती बंद होईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. पण नळकांडे काजळीने तुंबले की ते साफ कोण करणार, हे बऱ्याच ठिकाणी ठरलेलेच नव्हते. मग धूर पुन्हा घरात! योजनेचे आकडे बसवलेल्या चुलींचे असतात, चालू असलेल्यांचे नव्हे. हे कारकुनाहून अधिक कोणाला ठाऊक?

तिकडे लंडनमध्ये डिसेंबर 1952 च्या विषारी धुक्याने हजारो माणसे मेली, 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, आणि हळूहळू घरातल्या कोळशाच्या शेगड्या विझल्या. मागे राहिले ते भिंतीतून पुढे आलेले विटांचे धुराडे. जागेसाठी लोक ते आजही काढतात. पण खालचा भाग फोडला आणि वरचा तसाच राहिला, तर तो कशावर उभा राहणार? म्हणून तिथे आधी लोखंडी आधार आणि बांधकाम-नियमांची मंजुरी लागते. भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल तर 1996 च्या कायद्याप्रमाणे त्यालाही नोटीस द्यावी लागते.

हाच धडा कोगनोळीत उपयोगी पडला. मावशीचे धुराडे चार फूट रुंद, दीड फूट खोल, बारा फूट उंच. म्हणजे 72 घनफूट. आतली पोकळी वजा जाता 48 घनफूट वीटकाम. घनफुटाला सुमारे 54 किलो धरले तर अडीच टनांहून जास्त वजन! शिवाय माळ्याच्या तुळईचे एक टोक त्याच्याच खांद्यावर टेकलेले. मावसभाऊ फक्त गवंड्याची दोन दिवसांची मजुरी धरून बसला होता.

मग बाबी लिहिल्या. तुळईला टेकू. तिच्याखाली लोखंडी गर्डर. वरून खाली, थराथराने उतरवणी. राडारोड्याची वाहतूक. छपराच्या भोकावर रीप आणि कौले. धूर गेला म्हणून वाशांना वाळवीचे औषध. जमीन आणि गिलावा. शेवटी आकस्मिक खर्च दहा टक्के, कारण जुन्या भिंतीच्या पोटात काय निघेल ते सांगता येत नाही. सगळे काम मृगाच्या आधी. बेरीज केली तेव्हा पाडण्याची मजुरी एकूण खर्चाच्या चौथाईहूनही कमी निघाली. खरा खर्च पाडण्याचा नसतोच. ती वस्तू इतकी वर्षे न बोलता जी कामे करत होती, ती दुसऱ्या कोणाकडे सोपवण्याचा असतो.

मावशीला वाईट वाटेल म्हणून मी भीतभीतच विचारले. ती म्हणाली, "त्ये बांधलं तवाधरनं डोळ्याचं पाणी थांबलं बघ. आता काम सरलं, काढा की. पण फोडणीचा खकाणा जायाला वाट ठेवा."

मी अंदाजपत्रक पुन्हा लिहिले. पहिली बाब : स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा. तो लागून चालू झाल्याशिवाय एकही वीट काढायची नाही. या खेपेला क्रम मावशीने ठरवला होता.