अलार्म न वाजलेली दुपार

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अॅक्रन परिसरात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीचा नियंत्रण कक्ष होता. हवा गरम होती, एसी धडाधड चालू होते, पण असे दिवस तिथे दर उन्हाळ्यात येतात. वादळ नव्हतं, घातपात नव्हता. तरीही दुपारी सव्वाचारच्या आत अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या संयुक्त कृतिदलाने या दिवसाचा हिशेब मिनिटामिनिटाने मांडला, शेवटचा भाग तर सेकंदांत. सर्व्हरवर आणि डेटाबेसवर देखरेखीचे एजंट बसवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा, असं मला मनापासून वाटतं. झाडं, तारा, जनित्रं हे सगळं त्यात आहेच. पण त्या दुपारचा खरा घात दुसरीकडे झाला. अलार्म देणारा प्रोग्रॅम बंद पडला आणि तो बंद पडल्याचं सांगायला कुणीच नव्हतं.

दुपारी १२.१५

सुरुवात शेजारच्या इंडियाना राज्यात झाली. त्या भागातल्या ग्रिडवर नजर ठेवणाऱ्या ‘मिसो’ या संस्थेकडे एक प्रोग्रॅम होता. ठिकठिकाणची मोजमापं घेऊन तो दर पाच मिनिटांनी आपोआप चालायचा आणि पूर्ण ग्रिडची स्थिती मांडायचा. सव्वाबारापासून त्याचं गणित जुळेना. एक २३० किलोव्होल्टची लाइन बंद पडली होती आणि मॉडेलमध्ये मात्र ती चालूच दिसत होती.

विश्लेषकाने दोष शोधण्यासाठी आपोआप चालण्याची सोय बंद केली, चूक हुडकून काढली, आणि एकच्या सुमारास उत्तर बरोबर आलं. मग तो जेवायला गेला. बंद केलेली सोय पुन्हा चालू करायची राहून गेली.

या माणसाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. दुरुस्तीपुरती देखरेख थांबवायची आणि काम झाल्यावर पुन्हा सुरू करायची, हे या धंद्यात रोजचं आहे. ती ठरावीक वेळेनंतर आपणहून सुरू व्हावी, अशी व्यवस्था तिथे असायला हवी होती. ती नव्हती.

दुपारी १.३१

क्लीव्हलंडजवळ, ईरी सरोवराच्या काठी असलेल्या ईस्टलेक केंद्राचा सुमारे ६०० मेगावॉटचा पाचवा संच बंद पडला. शहराला लागणारी वीज आता लांबून, दक्षिणेकडच्या लाइनींवरून यायला लागली. ग्रिडसाठी ही संकटाची गोष्ट नव्हती, फक्त हाताशी असलेली शिल्लक कमी झाली.

दुपारी २.१४

फर्स्टएनर्जीच्या नियंत्रण कक्षात एक्सए-२१ नावाची प्रणाली होती, जनरल इलेक्ट्रिकची. एखादी लाइन ट्रिप होऊन बंद पडली, व्होल्टेज घसरलं, की ती आवाज करायची, पडद्यावर ओळ दाखवायची, नोंद छापायची. २ वाजून १४ मिनिटांनी हा अलार्मचा भाग एक घटना हाताळता हाताळता अडकला. दोन प्रक्रिया एकाच माहितीवर एकाच वेळी लिहायला गेल्या आणि प्रोग्रॅम त्या गुंत्यातून बाहेरच पडेना. मागून येणाऱ्या घटना रांगेत साठत गेल्या आणि रांग भरून वाहू लागली.

पडदे मात्र चालू होते. आकडे येत होते, नकाशे उघडत होते. चालकांच्या दृष्टीने दुपार शांत होती, कारण अलार्म वाजत नव्हता.

या क्षणापाशी मला थांबावंसं वाटतं. रात्री गल्लीतून फिरणारा पहारेकरी अधूनमधून शिट्टी वाजवतो, ती चोर आला म्हणून नव्हे, तर तो जागा आहे हे आपल्याला कळावं म्हणून. आज प्रोमिथियस हे देखरेखीचं सॉफ्टवेअर वापरणारे लोक ‘वॉचडॉग’ नावाचा एक अलर्ट मुद्दाम कायम चालू ठेवतात. तो पोहोचेनासा झाला की देखरेखच मेली असं समजायचं. प्रोमिथियस ज्या यंत्राकडून आकडे गोळा करतो, त्याने उत्तर दिलं की नाही याचीही वेगळी नोंद ‘अप’ या मेट्रिकमध्ये ठेवतो. ग्राफाना या देखरेखीच्या दुसऱ्या साधनात अलर्टचा नियम लिहिताना माहितीच आली नाही तर काय समजायचं, हे आपल्याला विचारलं जातं. तिथे ‘सगळं ठीक’ हा पर्याय निवडणं म्हणजे अॅक्रनची ती दुपार पुन्हा मांडून ठेवणं, असं माझं ठाम मत आहे.

दुपारी २.३२

पहिला फोन आला. शेजारच्या एईपी कंपनीने विचारलं, स्टार–साउथ कँटन ही आपली सामाईक लाइन आत्ता ट्रिप होऊन पुन्हा लागली, तुमच्याकडे दिसलं का? फर्स्टएनर्जीच्या चालकाला काही दिसलं नव्हतं. त्याच्याकडे अलार्म नव्हता, म्हणजे त्याच्या लेखी घटनाच घडली नव्हती.

दुपारी २.४१ ते ३.०८

अलार्मचा प्रोग्रॅम ज्या मुख्य सर्व्हरवर होता, तो २.४१ ला कोसळला. ठरल्याप्रमाणे सगळा कारभार बॅकअप सर्व्हरवर गेला, आणि त्याबरोबर तो अडकलेला प्रोग्रॅम आणि तुंबलेली रांगही जशीच्या तशी गेली. तेरा मिनिटांत, २.५४ ला, बॅकअपही पडला. एरवी एक ते तीन सेकंदांत ताजा होणारा पडदा आता एकेकदा ५९ सेकंद घेऊ लागला.

आयटी विभागाच्या पेजरवर आपोआप संदेश गेला होता. त्यांनी ३.०८ ला मुख्य सर्व्हर पुन्हा सुरू केला, तो चालू झालेला पाहिला आणि काम झालं असं धरलं. अलार्म परत आला का, हे नियंत्रण कक्षात जाऊन कुणी विचारलं नाही. सर्व्हर चालू होता. ज्यासाठी तो ठेवला होता, ते काम बंदच होतं.

इकडे मिसोमध्ये २.४० च्या सुमारास ती बंद राहिलेली सोय ध्यानात आली होती. पण गणित पुन्हा जुळेना. २.०२ ला स्टुअर्ट–अटलांटा ही दुसरी एक लाइन झाडामुळे गेली होती, आणि तिची स्थिती मिसोच्या देखरेखीत जोडलेलीच नव्हती.

दुपारी ३.०५ ते ३.४१

तारेतून जास्त वीज गेली की ती तापते आणि तिला झोळ येतो. खाली झाडं वाढू दिलेली असली की तार फांदीला टेकते आणि लाइन ट्रिप होते. ३.०५ ला चेंबरलिन–हार्डिंग गेली, आणि तेव्हा तिच्यावर क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भार होता. ३.३२ ला हॅना–जुनिपर. ३.४१ ला स्टार–साउथ कँटन, यावेळी कायमची. तिन्ही लाइनी ३४५ किलोव्होल्टच्या, तिन्ही झाडांनी घेतल्या.

दरम्यान ३.१९ ला एईपीने पुन्हा फोन केला होता. त्यांचा माणूस उपकेंद्रात जाऊन पाहून आला होता, मघाची ट्रिप खरी होती. उत्तर तेच मिळालं, आमच्याकडे अलार्म नाही. बाहेरचा माणूस डोळ्यांनी पाहून सांगतोय आणि आतला माणूस मुका झालेल्या पडद्यावर विश्वास ठेवतोय. घटनाक्रमातला सर्वांत वेदनादायक भाग मला हाच वाटतो. तो माणूस बेफिकीर नव्हता. वर्षानुवर्षं ज्या यंत्राने खरं सांगितलं, त्याचंच तो ऐकत होता. पूर्ण जाळं एका नजरेत दाखवणारा भिंतीवरचा मोठा नकाशाही त्या कक्षात नव्हता.

दुपारी ३.४२

अलार्म चालत नाहीत, हे नियंत्रण कक्षातून आयटी विभागाला अखेर सांगितलं गेलं. दीड तास उलटला होता. सगळी प्रणाली पूर्ण बंद करून नव्याने सुरू करण्याची चर्चा झाली, पण ग्रिड डळमळत असताना हाती आहेत तेही पडदे घालवणं धोक्याचं होतं. म्हणून तेही राहिलं. अॅक्रन परिसरातल्या १३८ किलोव्होल्टच्या लाइनी एकामागून एक जाऊ लागल्या होत्या.

कृतिदलाने नंतर गणित मांडलं. या वेळी क्लीव्हलंड–अॅक्रन भागातला किमान १,५०० मेगावॉटचा भार मुद्दाम तोडला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं. एका भागाला काही काळ भारनियमन सोसावं लागलं असतं, इतकंच. पण त्यासाठी आपण कुठे उभे आहोत हे कळायला हवं होतं.

दुपारी ४.०४ ते ४.१३

४.०४ ला मिसोचं गणित पूर्ण जुळलं. त्यानंतर दोन मिनिटांच्या आत, ४ वाजून ५ मिनिटं ५७ सेकंदांनी, सॅमिस–स्टार लाइन गेली. यावेळी झाड नव्हतं. भार इतका वाढला होता आणि व्होल्टेज इतकं पडलं होतं, की बिघाड दिसताच लाइन तोडणाऱ्या रिलेला तो दूरचा बिघाडच वाटला.

इथून पुढे माणसाच्या हातात काही उरलं नाही. ४.१० नंतर विजेचा लोंढा पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क, ओंटारिओ आणि मिशिगन असा ईरी सरोवराला वळसा घालून ओहायोकडे धावला आणि वाटेतल्या लाइनी व जनित्रं स्वतःला वाचवण्यासाठी सुटत गेली. ४.१३ पर्यंत बहुतेक सगळं संपलं होतं. २६५ केंद्रांमधले ५०८ संच बंद, ६१,८०० मेगावॉटचा भार गेलेला. न्यू यॉर्कच्या भुयारी गाड्या होत्या तिथे थांबल्या. अमेरिकेच्या काही भागांत वीज चार दिवस आली नाही, ओंटारिओत आठवड्याहून जास्त काळ आळीपाळीने कपात चालली.

पुढे

प्रोग्रॅममधला तो दोष शोधायला अभियंत्यांना कित्येक आठवडे लागले, कारण दोन प्रक्रियांची नेमकी ती गाठ क्वचितच पडायची. झाडांच्या छाटणीपासून चालकांच्या प्रशिक्षणापर्यंतचे ग्रिडचे नियम २००७ मध्ये अमेरिकेत बंधनकारक झाले. मात्र अलार्मचा प्रोग्रॅम बंद पडला तर ते चालकाला कळवणारी वेगळी यंत्रणा प्रत्येक नियंत्रण कक्षात हवी, असं स्पष्ट शब्दांत सांगणारं मानक लागू व्हायला २०१८ साल उजाडलं.