वाँटेजचा करार

वर्धा शहराच्या वेशीला लागून बोरगाव, पिपरी, सिंदी, सावंगी अशी जी गावे वसली आहेत आणि ज्यांच्या नावांपुढे 'मेघे' हे उपपद सरकारी दफ्तरात आजही लागते, त्यांतील एखाद्या घरी अध्यापनाची पदवी घेतलेल्या मुलीला समुद्रापलीकडच्या ख्रिस्ती शाळेचे नेमणूकपत्र आले, तर घरची वडीलधारी मंडळी आधी तनखा विचारतील, मग प्रवासखर्च कोणाच्या माथी, राहण्याजेवण्याची व्यवस्था काय आणि कराराची मुदत किती, याची चौकशी करतील. परंतु जो प्रश्न प्रत्येकाच्या मनात प्रथमपासून घोळत असतो, तो मात्र आजीच्या तोंडून 'पोरीला बाटवतील तर नाही ना?' अशा धास्तीच्या रूपानेच बाहेर पडेल. धास्तीच्या रूपाने विचारलेल्या प्रश्नाला विचारपूर्वक उत्तर मिळत नाही. हाच प्रश्न निर्भयपणे, कराराचे एक कलम म्हणून तपासणारी एक मराठी स्त्री शंभराहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेली. तिचे नाव पंडिता रमाबाई. तिच्या चरित्राचा हा भाग आपल्याकडे धर्मांतराच्या वादाखाली इतका दडपला गेला आहे, की ती इंग्लंडला शिक्षिका म्हणून गेली होती याचेच विस्मरण झाले आहे.

१८८३ च्या वसंतात रमाबाई मुंबईहून निघाल्या, तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. आईबाप दुष्काळात गेलेले, पती बिपिन बिहारी मेधावी आदल्याच वर्षी निवर्तलेले, कडेवर दोन वर्षांची मनोरमा आणि सोबतीला आनंदीबाई भगत. पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना आणि शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष या दोन गोष्टी त्यांनी १८८२ या एकाच वर्षात केल्या होत्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, ही त्यांची मनीषा होती. पुण्यात काम करणाऱ्या, इंग्लंडातील वाँटेजच्या सेंट मेरी संघाच्या भगिनींशी त्यांचा परिचय होता आणि त्यांच्याच आश्रयाला त्या जाणार होत्या. मात्र मिशनच्या पैशाने जाणे त्यांना मान्य नव्हते. 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी वाटखर्च उभा केला आणि वाँटेजच्या मठाशी ठराव केला तो असा, की हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावी आणि त्याच्या मोबदल्यात त्यांची राहण्याजेवण्याची व इंग्रजी शिकण्याची सोय व्हावी. दान नको, विद्येची देवघेव हवी, हा या ठरावाचा गाभा होता. आपण ख्रिस्ती होणार नाही, असेही त्यांनी निघण्यापूर्वी बोलून दाखविले होते.

हे वचन टिकले नाही. आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी वाँटेजला आत्महत्या केली. सक्तीने धर्म बदलावा लागेल या भयाने त्यांचे मन ढळले होते, असे त्या वेळी मानले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. नीलकंठशास्त्री गोरे, जे ख्रिस्ती होऊन फादर गोरे झाले होते, त्यांच्या लेखनाने आपले समाधान झाले, असे त्या पुढे सांगत असत. परघरी, परभाषेच्या मुलखात, सोबतीण गमावलेल्या विधवेने हा निर्णय घेतला, त्यात श्रद्धेचा अंश किती आणि एकाकीपणाचा किती, याचा हिशेब दुसऱ्या कोणी मांडू नये, असे मला वाटते. परंतु एवढे खरे, की अन्न, आसरा आणि शिक्षण ही तिन्ही एकाच हातातून मिळू लागली, म्हणजे मनुष्याच्या होकारावर त्या हाताचे वजन नकळत पडते. परदेशी नेमणुकीचा विचार करणाऱ्याने तनख्याच्या आकड्यापूर्वी हे पाहावे, की नोकरी गेली तर छप्परही जाईल काय आणि परतीचे तिकीट कोणाच्या स्वाधीन राहील.

श्रवणशक्ती मंदावत गेल्याने वैद्यकीचा मार्ग बंद झाला आणि १८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. १८५८ पासून त्या संस्थेचे प्राचार्यपद डोरोथिया बील यांच्याकडे होते आणि इंग्लंडातील स्त्रीशिक्षणात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. तेथे रमाबाई गणित, विज्ञान व इंग्रजी शिकत आणि संस्कृत शिकवीत. खरी कसोटी येथेच लागली. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, अशी सूचना पुढे येताच मुंबईचे बिशप माइल्न आणि लाहोरचे बिशप फ्रेंच यांनी हरकत घेतली. असे केल्याने स्वदेशातील स्त्रियांवर त्यांचा प्रभाव उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी यावर बील यांना जे लिहिले त्याचा आशय असा, की माझ्या आईने व मी तरुणांना शिकविण्यास ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली ना माझ्या पतीने, आणि आता इंग्रज लोक ती घेतात याचे मला नवल वाटते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष पत्करला होता, त्यांच्या मुलीच्या लेखणीतून हे वाक्य उतरले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची धार कळते.

बाप्तिस्मा घेतल्याने आपला विवेक आपण कोणाच्या हवाली केलेला नाही, ही त्यांची भूमिका वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना अहंकाराची वाटे. त्रैक्याचा सिद्धांत, अथानेशियन मतांगीकार, क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत, अशा एकेका विषयावर पत्रे झडली. रमाबाईंचा कटाक्षाचा शाकाहारसुद्धा भगिनींना जुन्या जात्यभिमानाचा अवशेष वाटला. स्वदेशातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, हे त्यांनी स्पष्ट कळविले. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला व तो १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. दुखावलेल्या गुरूने आपल्या विरोधातली कैफियतही नष्ट होऊ दिली नाही, हे तिचे मोठेपण मान्य केले पाहिजे.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला निघाल्या. निमित्त होते ११ मार्चच्या आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीय पदवीदानाचे. तेथील व्याख्याने आणि 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हा १८८७ चा ग्रंथ यांच्या बळावर बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षांच्या द्रव्यसाहाय्याची हमी दिली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले; पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले.

आता रमाबाई करारपत्राच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. मुख्याध्यापिका ख्रिस्ती, मुली हिंदू विधवा, पैसा अमेरिकेचा, आणि अट अशी की सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही व मुलींच्या जातिनियमांत हात घालायचा नाही. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे लोक या भरवशावरच सल्लागार झाले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार लावीत नसत. मुली येऊन बसू लागल्या. मी कोणाला बोलावीत नाही आणि कोणाला हुसकीतही नाही, ही त्यांची बाजू होती. 'केसरी'ने गिल्ला केला आणि ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले. वाँटेजला जी गोष्ट स्वतः सोसली, तीच पुण्यात दुसऱ्यांच्या वाट्याला आणली, असा आरोप करणे सोपे आहे, पण तो पुरता न्याय्य नाही, कारण ज्या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई त्याच वर्षीच्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांची पत्नी होऊन हिंदूच राहिली, तेथे सक्ती होती असे म्हणता येत नाही. तरीही उघडे दार हे शब्दशः अटीत बसत असले, तरी पालकांना दिलेल्या विश्वासात बसत नव्हते, असे माझे मत आहे. ज्या मुलीचे जेवण, वस्त्र आणि अक्षरओळख एकाच बाईंवर अवलंबून आहे, तिला त्या बाईंच्या उघड्या दाराची ओढ ही निव्वळ स्वेच्छा नव्हे. आणि हे वाँटेजला राहून आलेल्या रमाबाईंइतके दुसऱ्या कोणाला कळले असते?

वर्ध्याने या करारांची उलट दिशाही पाहिली आहे. जाफन्याच्या ख्रिस्ती कुळातले ई. डब्ल्यू. आर्यनायकम् येथल्या मारवाडी विद्यालयाचे, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयाचे, मुख्याध्यापक होते. तेथेच २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली नई तालीम या शिक्षणयोजनेची परिषद भरली, आणि हिंदुस्थानी तालिमी संघाची चिटणिशी आर्यनायकम् व त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी सेवाग्रामला संसार थाटून सांभाळली. मार्जोरी साइक्स ही यॉर्कशायरची मुलगी केंब्रिजची पदवी घेऊन १९२८ साली मद्रासच्या बेंटिंक कन्याशाळेत, म्हणजे परदेशातील एका मिशन शाळेत, नोकरीस आली. तिने तमिळ शिकून घेतली, क्वेकर पंथ स्वीकारला, १९३९ मध्ये शांतिनिकेतन गाठले आणि १९४९ मध्ये ती सेवाग्रामला शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आली. बोरगावच्या शिवेपासून दोन-तीन कोसांवरच्या त्या आश्रमात दहा वर्षे तिने सूत कातले, शिक्षक घडविले, सर्वधर्मप्रार्थनेत भाग घेतला, भारताचे नागरिकत्व घेतले आणि ती क्वेकरच राहिली. नंतर ती निलगिरीत कोटगिरीला गेली व तेथेही शिक्षकांना शिकवीत राहिली.