सगळ्यांची वर्गणी, सगळ्यांचा पास



गटाच्या बैठकीत हल्ली एक नवा विषय निघू लागला आहे. कुणाची मुलगी, कुणाचा पुतण्या परदेशी शिकायला निघतो. मग कर्जाचा हिशोब होतो, तारण काय ठेवायचं ते ठरतं, विमानाचं भाडं विचारलं जातं. पण तिथे पोचल्यावर रोज कॉलेजला जायचं कसं आणि त्याला पैसे किती लागतील, हा प्रश्न मागेच राहतो. लेकरू गेल्यावर पहिल्या महिन्यातच तो डोकं वर काढतो.

म्हणून आज आम्ही जर्मनीची गोष्ट सांगणार आहोत. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून ती घेतात, हे लक्षात ठेवा. आज तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात मोठा गट आपल्या भारतातल्या मुलामुलींचा आहे. फी नसली तरी पोट आहेच. व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात आधी ठेवून दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. एक युरो साधारण शंभर रुपयांचा धरा. यातच खोलीचं भाडं, जेवण, आरोग्य विमा आणि गाडीभाडं बसवायचं.

असं असूनही तिथल्या विद्यार्थ्यांचा प्रवास स्वस्तात होतो. हा स्वस्त प्रवास कुणी आपणहून दिला नाही. तो मुलांनी एकत्र येऊन मिळवला, आणि तो कसा मिळवला हे आपल्या गटांनी ऐकण्यासारखं आहे.

सुरुवात करू १९६९ सालापासून. जून महिन्यात हॅनोव्हर शहरात ट्रामचं भाडं वाढलं. विद्यार्थी रुळांवर जाऊन बसले. ट्राम आणि बस बंद पडल्या. आता कामावर जाणाऱ्यांचे हाल होणार आणि लोक विद्यार्थ्यांवरच चिडणार, असं वाटलं होतं. पण विद्यार्थ्यांनी एक तोड काढली. ज्याच्याकडे मोटार आहे आणि जो वाटेतल्या माणसांना बसवून न्यायला तयार आहे, त्याने काचेवर लाल ठिपका लावायचा. बघता बघता शहरभर लाल ठिपके दिसू लागले. अनोळखी माणसं एकमेकांना गाडीत घेऊ लागली. शेवटी भाडेवाढ मागे घ्यावी लागली आणि सगळीकडे ५० फेनिगचं एकच भाडं ठरलं. फेनिग म्हणजे त्या वेळचे तिथले पैसे. ‘लाल ठिपका’ हे नाव जर्मनीत आजही त्या आंदोलनाची ओळख आहे.

पण आंदोलन रोज करता येत नाही. पुढचा टप्पा हिशोबाचा होता.

१९९१ साली डार्मस्टाट शहरात विद्यार्थ्यांसाठी पहिलं सहामाही तिकीट सुरू झालं. त्याची रीत तुम्हाला लगेच कळेल. विद्यापीठातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने सहामाहीच्या शुल्कातच प्रवासाची थोडी वर्गणी भरायची. विद्यार्थ्यांनी निवडलेली समिती ती रक्कम ठरवायला बस आणि रेल्वेवाल्यांशी बोलणी करते. एकेकट्याने पास काढला तर महाग पडतो. पण हजारो मुलांची वर्गणी एकदम आणि हमखास मिळणार म्हटल्यावर भाव खाली येतो. बस तर तशीही धावतच असते, रिकाम्या बाकांचं डिझेल काही वाचत नाही. एकदा वर्गणी भरली की सहा महिने त्या भागात ओळखपत्र दाखवायचं आणि बसायचं. एकामागून एक विद्यापीठांनी ही रीत उचलली.

आणि मग आला तो प्रश्न, जो प्रत्येक गटात कधी ना कधी येतोच. “मी तर सायकलने जातो. मी कशाला पैसे भरू?”

प्रश्न खोटा नव्हता. विद्यापीठाशेजारी राहणारा बसमध्ये पाय ठेवत नाही, तरी त्याला वर्गणी द्यावी लागते. काही विद्यार्थी कोर्टात गेले. प्रकरण देशाच्या घटना न्यायालयापर्यंत पोचलं. ऑगस्ट २००० मध्ये निकाल लागला, तो वर्गणीच्या बाजूने. वर्गणी लहान आहे आणि तिच्यातून सगळ्या विद्यार्थ्यांचं भलं होतं, म्हणून सक्ती गैर नाही, असा त्याचा मथितार्थ. अपंग असल्यामुळे प्रवास करू न शकणाऱ्या किंवा फारच अडचणीत असलेल्या मुलांना अनेक विद्यापीठांत हे पैसे परत मागता येतात. नियम सगळ्यांना एक, पण अडलेल्याला वाट ठेवलेली.

वाटून घेण्याची आणखी एक तऱ्हा १९९५ मध्ये आली. रेल्वेने शनिवार-रविवारचं एक तिकीट काढलं. १५ मार्कांत पाच जणांनी साध्या गाड्यांतून देशभर कुठेही फिरावं. मार्क हे युरोच्या आधीचं नाणं. मुलं स्टेशनवर उभी राहून विचारायची, “आम्ही तिघं आहोत, दोघं येता का?” पुढे त्याची किंमत वाढत गेली आणि २०१९ मध्ये ते बंद झालं. पण एका तिकिटावर चौघापाचांनी जायची सवय राहिली.

आता अलीकडचं. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे महागाई भडकली, तेव्हा सरकारने जून ते ऑगस्ट असे तीन महिने ९ युरोत महिनाभर देशभर फिरण्याचं तिकीट दिलं. सुमारे ५ कोटी २० लाख तिकिटं खपली. लोकांची गरज सरकारला दिसली. १ मे २०२३ पासून ४९ युरोचं कायमचं महिना तिकीट आलं, तेही सगळ्यांसाठी.

इथे विद्यार्थ्यांपुढे पेच पडला. बाहेरच्या कुणालाही ४९ युरोत देश फिरता येत असेल, तर आपण सक्तीची वर्गणी भरून फक्त आपल्याच भागात का फिरायचं? पुन्हा बोलणी झाली. २०२४ च्या उन्हाळी सहामाहीपासून विद्यार्थ्यांना तेच देशभराचं तिकीट ६० टक्के किमतीत, म्हणजे २९ युरो ४० सेंटला मिळू लागलं. अट जुनीच, विद्यापीठातल्या सगळ्यांनी मिळून घ्यायचं. मूळ तिकीट वाढलं की हेही वाढतं. २०२५ मध्ये मूळ तिकीट ५८ युरो झालं, तेव्हा विद्यार्थ्यांचं ३४ युरो ८० सेंट झालं.

ज्यांची मुलं निघाली आहेत, त्यांनी तीन गोष्टी कानात घालून ठेवाव्यात. पहिली, सहामाहीच्या शुल्कात प्रवासाची वर्गणी आहे का, हे विद्यापीठाला आधीच विचारायचं. वर्गणी भरली असताना वेगळा पास काढला तर पैसे दोनदा जातात. दुसरी, हे तिकीट शहरातल्या बस, ट्राम आणि जवळपासच्या साध्या रेल्वेगाड्यांत चालतं, लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत चालत नाही. तिसरी, तिथे स्टेशनवर बहुधा फाटक नसतं, कुणी अडवत नाही. म्हणून तिकीट लागत नाही असं नवख्याला वाटतं. तपासनीस गाडीत येतो आणि तिकीट नसेल तर साधारण ६० युरो दंड होतो. आपल्याकडचे सहा हजार रुपये झाले की हो.

आणि जुनी सायकल विसरायची नाही. म्युन्स्टरसारख्या शहरात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीच चालवलेली दुरुस्तीची जागा असते. तिथे हत्यारं मिळतात, पंक्चर आपलं आपण काढायचं.

मैत्रिणींनो, आपल्या गावची मुलगी तिथे पहिल्या दिवशी बसमध्ये चढते, तेव्हा तिने कुठलंही आंदोलन केलेलं नसतं. तिच्या आधी येऊन गेलेल्या मुलांची वर्गणी आणि त्यांचं भांडण तिच्या उपयोगी पडतं. तीही वर्गणी भरते आणि मागून येणाऱ्यांची सोय करते.

आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण बस वेळेवर गावात आलीच नाही, तर सवलत कागदावर राहते आणि मुलीची शाळा सुटते. डेपोत एकटीने गेलं की “बघू” म्हणतात. म्हणून या महिन्याच्या बैठकीत वह्या मिटण्याआधी एवढंच ठरवा: बसच्या वेळेचा अर्ज लिहायचा आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. जिच्या घरी गाडी आहे, तिचीसुद्धा.