झोपेतील श्वासाची कहाणी

कीर्तनात कुंभकर्णाच्या घोरण्याचे वर्णन सुरू झाले की श्रोतृवर्ग खदखदून हसतो. घोरणारा मनुष्य सुखाने झोपला आहे, ही समजूत आपल्या समाजात इतकी रुजलेली आहे की त्या घोरण्यात मधूनच पडणाऱ्या शांततेकडे कोणी लक्ष देत नाही. वैद्यकशास्त्राला मात्र याच शांततेने गेल्या सत्तर वर्षांत पुष्कळ विचार करावयास लावले आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल होतात की श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन घसा पुन्हा मोकळा करतो. विकार तीव्र असेल तर एका रात्रीत हे शेकडो वेळा घडते. सकाळी त्यातले काहीच आठवत नाही; डोके मात्र जड असते, दिवसभर पेंग येते आणि पुष्कळदा रक्तदाब वाढलेला आढळतो. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात.

या विकाराच्या इतिहासात १९५६ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. पत्त्यांच्या डावात हातात उत्तम पाने असतानाही ज्याला झोप लागली, अशा एका स्थूल गृहस्थाची हकीगत त्या वर्षी अमेरिकेत बर्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधील झोपाळू मुलाची आठवण ठेवून त्यांनी या लक्षणसमूहाला पिकविकचे नाव दिले. त्याच वर्षी संसदेच्या कायद्याने दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अस्तित्वात आली.

श्वासाविषयीचे कुतूहल दिल्लीतही कमी नव्हते. डॉ. आनंद, डॉ. छिना आणि डॉ. बलदेव सिंग यांनी हवाबंद पेटीत बसलेल्या रामानंद योगी यांच्या श्वसनाची मोजमापे घेतली आणि १९६१ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. योग्याचा प्राणवायूचा खर्च नेहमीच्या गरजेपेक्षाही खाली आलेला दिसला. पुढे दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत डॉ. अवतारसिंग पेंटल यांनी फुफ्फुसातील सूक्ष्म मज्जातंतूंवर केलेले कार्य जगन्मान्य झाले. धाप लागल्याची जाणीव कशी होते, या प्रश्नावर त्या कार्याने मोठा प्रकाश टाकला. ही सारी जागेपणीच्या श्वासाची कथा होय. निद्रिस्त मनुष्याचा श्वास त्याच्या नकळत कसा हरवतो, हे कोडे दूर युरोपात उलगडले. १९६५ साली फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनी रात्रभर नोंदी घेऊन दाखविले की असे रुग्ण दिवसा पेंगतात, कारण रात्री त्यांची झोप श्वासाअभावी पुनःपुन्हा मोडते.

निदान झाले, पण उपाय कठोर होता. गळ्याला छिद्र पाडून त्यात नळी बसवावयाची, म्हणजे मिटणाऱ्या घशाला वगळून श्वास खालूनच आत जाई. रुग्ण जगत, बरेही वाटे. परंतु आयुष्यभर गळ्यात नळी वागविण्यास सहसा कोण तयार होणार? असाच नकार देणाऱ्या एका रुग्णावर जून १९८० मध्ये सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी निराळा प्रयोग केला. नाकावर मुखवटा बसवून त्यातून किंचित दाबाची हवा सतत सोडली, तर ती हवाच घशाच्या भिंतींना आतून आधार देईल आणि मार्ग मिटणार नाही, ही ती कल्पना. १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांचा वृत्तांत आला. आरंभीचे यंत्र अवजड व गोंगाट करणारे होते आणि मुखवटा दररोज रात्री चेहऱ्यावर चिकटवावा लागे. आज त्याच तत्त्वावर चालणारी, उशाशी मावणारी पेटी सीपॅप या नावाने ओळखली जाते.

दिल्लीत हा विकार किती पसरलेला आहे, हे नव्या शतकात स्पष्ट झाले. आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी केलेल्या व २००६ आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत प्रौढांपैकी शेकडा ९ ते १४ जणांना तो आढळला. पुढे भारतीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन निदान व उपचारांची मार्गदर्शक सूत्रेही तयार केली.

तरीही खरी कसोटी रुग्णालयाबाहेर, घरच्या अंथरुणावर लागते. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांतून उठणाऱ्या कित्येकांना आपला श्वास झोपेत थांबतो, हे त्याच वेळी प्रथम कळते. शरीर अशक्त, मन धास्तावलेले, आणि त्यात रात्री तोंडावर मुखवटा! हृदयाचे किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे दुखणे झालेल्या सुमारे २,७०० रुग्णांची एक मोठी चाचणी भारतासह सात देशांत झाली आणि तिचे फळ २०१६ साली प्रसिद्ध झाले. यंत्राने पुढील झटके टळल्याचे त्यात दिसले नाही. दिवसाची पेंग उतरली आणि मन प्रसन्न राहिले, एवढे मात्र सिद्ध झाले. त्या रुग्णांनी यंत्र वापरले ते रात्री सरासरी ३.३ तासच. संबंध रात्र ते वापरले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्यामुळे उघडाच राहिला.

दिल्लीत तर अडचणींत ऋतूचीही भर पडते. हिवाळ्यातील धुरकट हवेने नाक चोंदते आणि नाकावाटे हवा घेणे जड जाते. हवा ओलसर करणारे पात्र यंत्राला जोडले, तर थंड खोलीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. शिवाय २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत याच जातीची यंत्रे करोनाच्या रुग्णांना लावलेली ज्यांनी पाहिली, त्यांच्या मनात मुखवटा आणि मरण यांची जोडी बसली असल्यास नवल नाही. या अडचणींवरचे उपाय साधे आहेत. दिवसा जागेपणी थोडा वेळ मुखवटा लावून बसावे, मग दुपारच्या वामकुक्षीला, मग रात्री. हवा फटींतून निसटत असेल तर मुखवट्याचे माप बदलावे. नळी पांघरुणाखाली उबदार ठेवावी आणि पात्र रोज धुवावे. दाब मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेलाच असावा.

गळ्यातील छिद्रापासून नाकावरील मुखवट्यापर्यंत या उपचाराचा इतिहास रुग्णावरील जबरदस्ती कमी करीत आलेला आहे. शेवटचे पाऊल कोणत्याही प्रयोगशाळेला टाकता येणार नाही. ते दुखण्यातून उठणाऱ्याने स्वतः, हळूहळू, रात्रीमागून रात्र टाकावयाचे असते. आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाने त्याला हसण्याऐवजी त्याच्या श्वासाकडे कान द्यावयाचा असतो.